सिमेंट रोड आणि ओम्नीखालचा डाग

डांबरी रस्त्याचे उपकार आपण कधी मानले नाहीत. जुन्या गाड्यांची पापं तो वर्षानुवर्षं पोटात घालत होता. तेल गळो, ग्रीस सांडो, काळ्यावर काळं, बघतो कोण? मग नागपुरात सिमेंट रोडची लाट आली. ती फिरत फिरत जरीपटक्यातही पोचली, रस्ते पांढरे झाले आणि गल्लीतल्या यच्चयावत गाड्यांची दुखणी चव्हाट्यावर आली. कुणाची गाडी कुठे उभी राहते, रात्री किती वाजता परत येते आणि तिच्या पोटात काय बिघडलंय, हे आता सकाळी फिरायला निघालेल्या माणसाला नुसतं खाली बघून कळतं. सकाळच्या फिरण्यात पूर्वी प्राणायाम वगैरे व्हायचा. आता डाग-निरीक्षण होतं.

आमच्या गल्लीतल्या पापडवाल्या काकांच्या मारुती ओम्नीखाली असाच एक डाग उगवला.

काका म्हणजे फाळणीनंतर सिंधमधून येऊन जरीपटक्यात संसार मांडलेल्या घरातली पुढची पिढी. वडिलांनी सायकलवर पापड विकले, काकांनी स्कूटरवर विकले, आणि आता ओम्नीत पापड, खारी, टोस्ट असा माल भरून ते इंदोऱ्यापासून कामठीपर्यंत दुकानं करतात. गाडीची पंधरा वर्षं केव्हाच उलटून गेली. पर्यावरण कर भरून झाला, पुन्हा पासिंग झालं, मागची सीट काढून टाकली, आणि गाडीत जिरं-मिऱ्याचा वास असा मुरला की उद्या कुणाला विकली तरी घेणाऱ्याच्या बायकोला संशय येईल.

ओम्नीची माहिती वेगळी सांगायला नको, पण नव्या मंडळींसाठी थोडी सांगतो. 1984 साली ती ‘मारुती व्हॅन’ म्हणून आली, 1988 पासून ‘ओम्नी’ म्हणवून घेऊ लागली आणि 2019 साली अपघात-सुरक्षेच्या नव्या नियमांपुढे तिचं उत्पादन थांबलं. इंजिन 796 सीसीचं, तीन सिलिंडरचं. हिंदी सिनेमातल्या गुंडांनी तिच्यातून इतकी अपहरणं केली, पण तेल गळतंय म्हणून त्यातलं एकही फसलेलं मी पाहिलं नाही. पडद्यावरचे गुंड गाडी वेळच्या वेळी सर्व्हिसिंगला देत असावेत.

तर डाग. एप्रिल संपत आला की आमच्याकडे खाली काहीही ओलं दिसलं तरी पहिला संशय कूलरवर जातो. काकांनीही समोरच्या घरातल्या कूलरकडे बोट दाखवलं. समोरच्यांनी मोठ्या मनाने कूलर बंद करून दाखवला, आणि दुपारच्या पंचेचाळीस डिग्रीत स्वतःच्या खरेपणासाठी कुटुंबासह घाम गाळला. डाग वाळला नाही. पाणी असतं तर चार मिनिटांत उडून गेलं असतं. कोर्टात एवढा पुरावा पुरला असता. गल्लीत पुरत नाही, कारण कोर्टात वकील मोजके असतात.

शाळेची व्हॅन चालवणारा दादा म्हणाला, “इंजिन ऑइल आहे काका. हेड गेलं समजा.”

इस्त्रीवाला म्हणाला, “ब्रेक ऑइल असंन. पहिले ब्रेक मारून पाहा.”

“मारला तर लागते ना,” काका म्हणाले.

“आज लागते. उद्या नाही लागला मंग?”

याला उत्तर नव्हतं. उद्याचं कुणाला माहीत असतं?

तेवढ्यात इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षातला एक पोरगा मोबाईल घेऊन आला. त्याने अमेरिकेतला कुठलासा व्हिडिओ लावला. त्यात एक गोरा माणूस भल्या मोठ्या व्हॅनखाली आरामात झोपून सांगत होता, की ट्रान्समिशन फ्लुइड लाल असतं. खाली लाल डाग दिसला की निदान झालं. सगळे वाकून लाल डाग शोधायला लागले. लाल डाग गल्लीभर होते. पण ते खर्रा खाऊन थुंकल्याचे होते. नागपुरात रंगावरून गळती ओळखायची म्हटलं, तर गाडीआधी माणसांना गॅरेजमध्ये न्यावं लागेल.

व्हिडिओतला माणूस खोटं बोलत नव्हता, तो दुसऱ्या गाडीबद्दल बोलत होता. आपोआप गिअर बदलणाऱ्या गाड्यांमध्ये जे पातळ तेल असतं त्यात ओळखू यावं म्हणून लाल रंग घालतात. (त्या तेलात एके काळी स्पर्म व्हेल या देवमाशाचं तेल पडायचं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत त्यावर बंदी आली तेव्हा गिअरबॉक्सवाल्यांची चांगलीच पळापळ झाली. देवमासा वाचला आणि बदली रसायन शोधेपर्यंत गाड्या रडल्या.) ओम्नीत असलं काही नाही. चार गिअर, हाताने टाकायचे, आणि आत जाड, मधासारखं गिअर ऑइल. त्याचा रंग नवं असताना पिवळसर, जुनं झालं की काळपट. म्हणजे जुन्या इंजिन ऑइलच्या शेजारी ठेवलं तर डोळ्यांना फरक कळणं कठीण.

नाकाला मात्र कळतो. आणि इथे काकांनी कमाल केली. गाडीखाली ठेवलेल्या पुठ्ठ्यावर पडलेला थेंब त्यांनी बोटावर घेतला, अंगठ्याने चोळला, नाकाशी नेला आणि क्षणात म्हणाले, “साईं, इसमें तो हिंग है!”

सगळे हसले. हसायला नको होतं. गिअरचे दाते एकमेकांवर प्रचंड दाबाने घासतात, त्यांच्यात तेलाचा थर टिकावा म्हणून गिअर ऑइलमध्ये गंधकाची संयुगं घालतात. त्यामुळे त्याला तो उग्र, कुबट वास असतो. हिंगाचा वासही गंधकाच्याच संयुगांचा. इंजिन ऑइलला जळकट वास येतो, पेट्रोलची झाक येते, पण हिंग येत नाही. उभी हयात पापडाच्या पिठात गेलेल्या माणसाने जे निदान नाकाने केलं, ते तिसऱ्या वर्षाच्या अभ्यासक्रमात नसावं. पोरगा तरी तसंच म्हणाला.

गिअर ऑइल आहे हे ठरलं. आता कुठून?

“हे काय, इथून,” म्हणून सगळ्यांनी डागाकडे बोट दाखवलं. इथेच बहुतेक लोक फसतात. डाग गाडी कुठे उभी असते ते सांगतो. गळती कुठे आहे ते सांगत नाही. चालत्या गाडीखालचा वारा तेलाला मागे ढकलतो, ते चेसिसच्या कडेने सरकतं, एखाद्या बोल्टच्या टोकाशी जमतं आणि तिथून टपकतं. त्या बिचाऱ्या बोल्टचा यात काही हात नसतो. ओम्नीत इंजिन पुढच्या सीटखाली, त्याच्या पाठीशी गिअरबॉक्स, तिथून मागे लांबलचक प्रोपेलर शाफ्ट आणि शेवटी मागच्या धुऱ्यात डिफरन्शल. यात गिअरबॉक्सच्या पुढचं सील गेलं तर तेल क्लचच्या घरात पडतं. शेपटाकडचं गेलं तर फिरता शाफ्ट ते चौफेर उडवतो. स्पीडोमीटरची केबल जिथे आत शिरते तिथूनही पाझरतं. शिवाय डिफरन्शलमध्येही त्याच जातीचं तेल, त्याचाही वास हिंगाचाच. म्हणजे संशयित अनेक, आणि सगळ्यांच्या अंगावर वीस वर्षांची धूळ आणि ग्रीस यांचा एकसारखा थर.

त्यात काकांच्या गाडीची उभी राहायची तऱ्हा. सिमेंट रोड झाला तेव्हा तो घरांपेक्षा वर आला. ही तक्रार नागपुरात कुठेही ऐकायला मिळते. पावसाचं पाणी रस्त्यावरून थेट दिवाणखान्यात येतं. काकांनी उंबऱ्याशी बांध घातला, बांधाला जोडून रॅम्प केला, आणि गाडीची पुढची चाकं रॅम्पवर चढवून नाक आभाळाकडे करून ती उभी करू लागले. अशा गाडीतलं तेल रात्रभर शेपटाकडे जमा होतं. रस्ते बांधणाऱ्याच्या मनातही नसेल, पण गिअरबॉक्सच्या मागच्या सीलवरचा भार त्याने वाढवून ठेवला होता.

गाडी मिस्त्रीकडे गेली. कामठी रोडवर आता डोक्यावरून उड्डाणपूल, त्याच्याही डोक्यावरून मेट्रो जाते. खाली सावलीत पाने-हातोड्या घेऊन बसलेल्या मिस्त्र्यांना मात्र विकासाने निदान सावली दिली. मिस्त्रीने गाडीखाली डोकं घातलं, न घातल्यासारखं बाहेर काढलं आणि म्हणाला, “गिअरबॉक्स उतरवावा लागते.”

हे वाक्य प्रत्येक जुन्या गाडीच्या आयुष्यात येतं. त्याचं वजन त्याच्या पुढच्या वाक्यात असतं: “आता उतरवलाच आहे तं…” उतरवलाच आहे तं क्लच प्लेट टाकून घ्या. प्लेट टाकली तं प्रेशर प्लेट कशाला जुनी ठेवता? रिलीज बेअरिंग आवाज करून राहिलं. माउंटिंग बसले. जॉइंट क्रॉस ढिला आहे. लग्नाच्या बस्त्याला गेल्यासारखं होतं. नवरीची साडी घ्यायला निघालेला माणूस मावसभावाच्या सासूला रुमाल घेऊन परततो.

काका मुरलेले व्यापारी. त्यांनी भाव विचारला नाही. त्यांनी विचारलं, “पण गळून कुठून राहिलं?”

“पूर्णच गळून राहिलं ना काका.”

‘पूर्णच’ हा गिअरबॉक्सचा भाग काकांना पटला नाही. ते गाडी घेऊन परत आले.

आता गल्लीत उपायांचा पाऊस पडला. एम-सील लावा. साबण घासा (पेट्रोलच्या टाकीला लावतात, तो उपाय इथे कशाला, हे कुणी विचारलं नाही). 90 ऐवजी 140 नंबरचं जाड ऑइल टाका, म्हणजे गळायला त्याला कंटाळा येईल. हा शेवटचा उपाय अगदीच बिनबुडाचा नाही, उन्हाळाभर चालतोही. पण डिसेंबरच्या सकाळी पारा खाली गेला की दुसरा गिअर पडायला तयार होत नाही. शाळेच्या व्हॅनवाल्या दादाने सगळ्यात सोपा सल्ला दिला: “थेंब थेंब तं गळते काका. गळू द्या. टाकत राहा.”

थेंबाचा हिशेब कुणी करत नाही. एका मिलिलिटरचे साधारण वीस थेंब धरा. मिनिटाला एक थेंब गळला तरी दिवसाला 1440 थेंब, म्हणजे 72 मिलिलिटर. दोन आठवड्यांत लिटर गायब. आणि ओम्नीच्या गिअरबॉक्सला ना डिपस्टिक, ना डॅशबोर्डवर दिवा. इंजिनात तेल संपलं तर लाल दिवा लागतो. गिअरबॉक्स तोंडातून चकार शब्द न काढता कोरडा पडतो, आणि घूं घूं असा आवाज येऊ लागतो तेव्हा आतल्या बेअरिंगांचं बरंचसं आटोपलेलं असतं.

शेवटी बोलले ते मोतीबागचे आजोबा. कडबी चौकाजवळच्या मोतीबाग रेल्वे कारखान्यात त्यांनी आयुष्य काढलं, छोट्या लाइनच्या गाड्यांवर. जिथे त्यांनी फिटरकी केली त्या परिसरात आता नॅरो गेजचं संग्रहालय आहे, आणि ओम्नी बंद पडली त्याच 2019 साली नागपूर–नागभीड छोटी लाइनही थांबली. आजोबांना दोन्हींचं सारखंच वाईट वाटतं. इतके दिवस ते ओट्यावरून नुसते ऐकत होते.

“धुतली का?” त्यांनी विचारलं.

“काय?”

“गाडी. खालून. धुतल्याशिवाय कायले बोलून राहिले सगळे?”

मग डिझेल आणि ब्रश घेऊन गाडीचं पोट धुतलं. (डिझेल खाली टब ठेवून गोळा करायचं, नालीत सोडायचं नाही, पिवळी नदीची अवस्था आधीच पुरेशी वाईट आहे.) सुकवलं. मग आजोबांनी काकूंकडे पावडरचा डबा मागितला. काकूंनी तो दिला, पण का मागितला हे कळल्यावर त्यांनी सिंधीत जे म्हटलं त्याचा अर्थ विचारायची माझी हिंमत झाली नाही. गिअरबॉक्सच्या पुढून मागून, सगळ्या जोडांवर पावडर फुंकली. नुसतं कामठीला जाऊन यायचं, वाटेत माल द्यायचा नाही, परत आल्यावर सपाट जागी उभी करायची आणि कुणीही हात लावायचा नाही, असा हुकूम झाला. ‘वाटेत माल द्यायचा नाही’ हे काकांना सगळ्यात जड गेलं.

परत आल्यावर गाडीखाली टॉर्च गेला. नियम सोपा आहे: सगळ्यात वरचं आणि सगळ्यात पुढचं ओलं शोधायचं, खालचं-मागचं ओलं ही वाहून आलेली वस्ती. क्लचच्या घराची पावडर पांढरीशुभ्र. स्पीडोमीटरची केबल कोरडी. डिफरन्शल कोरडा. गिअरबॉक्सच्या शेपटाशी, शाफ्ट जिथे आत शिरतो तिथे, पावडरमधून काळा ओघळ. सापडलं. आणि हे सील बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही.

बोलावून आणलेल्या मिस्त्रीने हे खिलाडूपणाने मान्य केलं. “मी तेच म्हणून राहिलो होतो,” तो म्हणाला. काम मात्र त्याने सफाईने केलं, हे नोंदवलं पाहिजे. आधी तेल काढलं, कारण न काढता शाफ्ट ओढला तर सगळं गरम तेल खाली झोपलेल्या माणसाच्या छातीवर येतं. डिफरन्शलकडच्या चार बोल्टांच्या चकतीवर खिळ्याने खूण केली, म्हणजे शाफ्ट होता तसाच परत बसेल आणि गाडी थरथरणार नाही. शाफ्ट मागे ओढून काढला. जुनं सील टॉमीने उचकटलं. ते हातात घेऊन दाबलं तर कडकन तुटलं. रबर उन्हा-तापाने वाळून पार कडक झालं होतं.

या सीलची गंमत अशी, की अंगठीएवढ्या वस्तूवर सगळा डोलारा आहे. बाहेर पत्र्याची कडी, आत रबराचा पातळ ओठ, आणि ओठामागे तो शाफ्टला चिकटून राहावा म्हणून दोऱ्याएवढी बारीक स्प्रिंग. जर्मनीतल्या फ्रॉइडेनबर्ग या कारखान्यात अशी सीलं तयार होऊ लागली तेव्हा ओठ चामड्याचा असे, कारण तो कारखाना मुळात चामडं कमावण्याचा. वाल्थर सिमर हा अभियंता यामागे होता आणि त्या देशात या वस्तूला आजही त्याच्याच नावाने ओळखतात. आपल्याकडे तिला कुणी नावाने ओळखत नाही; दुकानात जुनं सील दाखवायचं आणि ‘असंच द्या’ म्हणायचं. दुकानदार मग ‘ओरिजिनल की मार्केटचं?’ विचारतो. किमतीत फरक इतका थोडा असतो की मार्केटचं मागणाऱ्याचा नंतर मजुरीत हिशेब होतो.

नवं सील त्याच मापाच्या पाइपाच्या तुकड्याने सगळीकडून सारखं ठोकून बसवलं, ओठाला तेलाचं बोट लावलं, शाफ्ट सरकवला, बोल्ट आवळले, तेल भरलं. काका खूश. गल्ली थोडी नाराज, कारण विषय संपला.

संपला नाही. कामठीची एक फेरी झाली आणि शेपटाशी पुन्हा ओल.

मिस्त्री म्हणाला, “गिअरबॉक्स उतरवावा लागते.”

आजोबांनी त्याच्याकडे न बघता विचारलं, “श्वास कुठून घेते ही?”

गिअरबॉक्सला वरच्या बाजूला एक टोपीवजा बारीक नळी असते, ब्रीदर. आतली हवा तापून फुगली की तिथून बाहेर पडते. काकांच्या गाडीचा ब्रीदर शोधायलाच वेळ लागला. ग्रीस आणि कामठी रोडवरच्या पुला-मेट्रोच्या बांधकामाची वर्षानुवर्षांची धूळ यांनी तो असा लिंपला होता की आधीचं डिझेल-स्नानही तिथवर पोचलं नव्हतं. तोंड बंद, आत तेल तापतंय, हवा फुगतेय. मग ती सगळ्यात कमजोर जागेतून तेल बाहेर रेटणार, आणि सगळ्यात कमजोर जागा म्हणजे सीलचा ओठ. सील नवं असो की जुनं. आजोबांनी तारेने नळी मोकळी केली तेव्हा आतून फुस्स असा स्पष्ट आवाज आला. जमलेल्या मंडळींना एवढी फुकटची दुरुस्ती बघून अपमान झाल्यासारखं वाटलं.

वर आणखी एक गोष्ट निघाली. तेल भरताना गाडी पुन्हा रॅम्पवर, नाक वर करून उभी होती, आणि काका ‘भरा, भरा, कमी नको’ म्हणत होते. पातळी तपासायची ती गाडी सपाट उभी करून: बाजूचा फिलर प्लग उघडायचा, तेल त्या भोकाच्या काठाला टेकलं पाहिजे, बस्स. उतारावर ही पातळी खोटी लागते. सपाटीवर उघडल्यावर प्लगमधून जास्तीचं तेल धार लावून बाहेर आलं. काकांनी ते बाटलीत भरून ठेवलं आहे. कशासाठी, ते सांगत नाहीत.

त्यानंतर पावडरची परीक्षा पुन्हा झाली (यावेळी डबा काकांनी दुकानातून विकत आणला) आणि पावडर पांढरी राहिली. खर्च झाला तो सीलचा, तेलाचा आणि एका सीलच्या मजुरीचा. क्लच प्लेट अजून जुनीच आहे आणि चालते. सिमेंटवरचा डाग मात्र जात नाही. साबण, सोडा, रॉकेल सगळं झालं. नव्या पाहुण्याला तो दिसला की तो काकांना विचारतो, “गाडी लीक मारून राहिली का?” आणि काका पहिल्यापासून सांगायला बसतात.

शेवटची ओम्नी 2019 ची धरली तर 2034 पर्यंत तिची पंधरा वर्षं भरतील, म्हणजे पांढऱ्या रस्त्यांवर असे डाग अजून बरेच उगवणार आहेत. तुमच्या गाडीखाली उगवला, तर मिस्त्रीकडे जाण्याआधी वास घ्या, गाडी खालून धुवा आणि ब्रीदर मोकळा आहे का ते बघा. तेल बदलणारच असाल तर एक लक्षात ठेवा: खालचा ड्रेन प्लग उघडण्याआधी बाजूचा फिलर प्लग सुटतो का ते पाहा. वीस वर्षं न उघडलेला फिलर जाम निघाला आणि तेल आधीच सोडून दिलेलं असलं, तर गाडी रिकाम्या गिअरबॉक्सने ओढत न्यावी लागते. आणि मग मिस्त्री जे वाक्य म्हणेल, त्यावर तुम्हाला काहीच बोलता येणार नाही.